सहा सिलिंडरचा सातवा ठोका

१

नागपूरच्या हुडकेश्वरला आता जिकडे पाहावं तिकडे फ्लॅट उभे राहिले आहेत, पण त्यांच्या मधोमध, एका कडुलिंबाखाली, नागसेन गजभियेचं ट्रक गॅरेज अजून तग धरून आहे. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळीकुट्ट झालेली जमीन, आणि दारात खुर्ची टाकून बसलेली त्याची बायको माया. सामान आणणं, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि समोरच्या फ्लॅटमधून कोणी "ठोकाठोकी बंद करा" म्हणून ओरडलं की त्याला जागेवर बसवणं, ही खाती मायाकडे. इंजिन नागसेनकडे.

नागसेनचं नाव होतं ते कानासाठी. हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि "हं" म्हणायचं. त्या "हं"नंतर तो जे सांगेल ते इंजिन खोलल्यावर निघणार म्हणजे निघणारच. "मले माहीत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून गॅरेजमध्ये कोणी कधी ऐकलं नव्हतं. मायाने तर घरातही ऐकलं नव्हतं.

थंडीचे दिवस. संत्र्याच्या गाड्या कळमन्याच्या बाजाराकडे धावत होत्या, तेव्हा एका सकाळी सावनेरचे रुपराव आपला जुना ट्रक घेऊन आले. ट्रक इतका जुना की त्याचा मूळचा रंग कोणता यावर रुपराव आणि त्यांची बायको रुखमाबाई यांच्यात अजून एकमत नव्हतं.

"नागसेन, ही तेल पिऊन राहिली गा," रुपराव खाली उतरत म्हणाले.

"जुनी गाडी पितेच, भाऊ."

"पिते म्हणजे किती प्यावं? मी चहा पितो त्याच्यापेक्षा जास्त पिऊन राहिली. आणि आवाज करते."

"कसा आवाज?"

रुपरावांनी आजूबाजूला पाहिलं, मग आवाज खाली आणला. "जेवण झाल्यावर माणूस करते तसा."

माया खुर्चीतून हसली. रुपराव हसले नाहीत. आरटीओचं पासिंग तोंडावर आलं होतं. त्यात गाडी नापास झाली तर भंगारात जाणार, आणि त्यांच्या शेजारच्या तीन बागांची संत्री त्यांच्याच भरवशावर झाडाला लटकली होती. शिवाय, ते म्हणाले, या गाडीवरच त्यांनी लेकीला, दीपालीला, इंजिनिअर केलं आणि त्या इंजिनिअर पोरीने फोनवर पहिला सल्ला दिला तो गाडी विकून टाका म्हणून.

"ठेवून जा," नागसेन म्हणाला. "काय आहे ते काढतो मी."

२

इंजिन ऑइल जातं ते दोनच वाटांनी. एक तर गळून, नाही तर जळून. तिसरी वाट नाही.

नागसेनने इंजिनाचं पोट पुसून कोरडं केलं आणि खाली एक मोठा पुठ्ठा अंथरला. गळत असेल तर पुठ्ठा सांगेल. ऑइल काठोकाठ भरलं, पट्टी बुडवून पाहिली, पट्टीवरच्या वरच्या खुणेशी चकचकीत रेघ आली. मग इंजिन चालू करून सायलेन्सरमागे उभा राहिला. ऑइल जळत असेल तर धूर निळा येतो. धूर आला तो अगदी थोडा, एखाद्या नव्या गाडीच्या सायलेन्सरला शोभावा असा. रुमाल धरला तर रुमालसुद्धा फारसा काळा झाला नाही.

"रिंगा चांगल्या आहेत," तो मायाला म्हणाला. "वाल्व्हचे सील बी चांगले दिसतात."

"मंग तेल कुठं जाते?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. त्यावर कडुलिंबाची चार पानं पडली होती, तेवढीच. नागसेनने पट्टी ओढली. पट्टी टोकापर्यंत कोरडी.

त्याने ती पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. मग इकडची बाजू तिकडे करून पाहिली, जणू पट्टीनेच लपवून ठेवलं असावं.

"गाडी उभ्या जागी तेल प्याली?" माया म्हणाली.

"उभ्या जागी कशी पिईल वं? कोणी काढून नेलं असन."

"गाडीखाली झोपून, एक थेंब न सांडवता? असा माणूस भेटला तर आपल्याकडे कामाले ठेवा. तुम्ही साधा भात वाढला तरी सांडवता."

नागसेनने पुन्हा ऑइल भरलं आणि झाकण घट्ट फिरवलं. फिरवून झाल्यावर, कोणाला दिसणार नाही असं, अजून थोडं फिरवलं.

३

मग त्याने पेचकस काढला.

इंजिन सुरू केलं आणि पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात केली. पेचकसाचं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. पहिला, ठीक. दुसरा, ठीक. तिसऱ्यात टॅपेट थोडं ढिलं, पण ते जुन्या गाडीत असतंच. चौथा, पाचवा, सहावा. सहाही ठोके आपापल्या पाळीने, शाळेतल्या हजेरीसारखे येत होते.

"हं," नागसेन म्हणाला.

आणि सहाव्याच्या मागून, पुन्हा पहिला यायच्या आधी, अजून एक ठोका आला.

नागसेनने डोळे उघडले. सहा सिलिंडरचं इंजिन, ठोके सहा. ही काही त्याची मतं नव्हती, इंजिन तसंच ओतलेलं असतं. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची दोन लागली.

"माया, इकडे ये वं."

माया आली. तिने पेचकस कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "किती मोजू?"

"ठोके मोज."

ती बराच वेळ ऐकत राहिली. "मले तर नुसता खडखडाट आयकू येते," ती म्हणाली. "कान दाखवून या तुमचे."

"माझे कान?"

"मंग काय गाडीचे?"

नागसेनला हे लागलं. इतकं लागलं की तो खरोखर दुपारी सक्करदऱ्याला कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने त्याला बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. शेवटी तो म्हणाला, "काका, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. तुम्हाला भिंतीपलीकडचंही ऐकू येत असेल."

ही बातमी नागसेनने मायाला मोठ्या तोऱ्यात सांगितली. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की कान बिघडलेले निघाले असते तर बरं झालं असतं.

४

आता सिलिंडर एक एक करून बंद करून पाहायचे, एवढंच उरलं होतं. जुन्या डिझेल इंजिनाला हे सोपं असतं. पंपापासून प्रत्येक सिलिंडरला डिझेलची एक बारीक नळी जाते. तिचा नट थोडा ढिला केला की डिझेल बाहेर सांडतं आणि तो सिलिंडर गप्प होतो. ज्याला गप्प केल्यावर खडखड थांबते, तो चोर.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून माया डबे धुवायला नळाशी बसली होती. ऊन पत्र्यांवर तापत होतं. समोरच्या फ्लॅटच्या गॅलरीत कोणी तरी चादरी वाळत घालत होतं. दिवस इतका साधा होता की त्यात काही वेगळं घडेल असं वाटायचं कारणच नव्हतं.

नागसेनने इंजिन चालू करून पहिला नट ढिला केला. इंजिन अडखळलं, पाचावर चालू लागलं. दुसरा ढिला केला. इंजिन लंगडायला लागलं. तिसरा. बोनेट थडथडू लागलं. चौथा, पाचवा. आता एकटा सहावा सगळा भार ओढत होता, म्हाताऱ्याने जिना चढावा तसा. नागसेनने सहाव्याला पाना लावला. हा ढिला केला की इंजिन मरणार, आणि मग तो मायाला सांगणार होता की सातव्या ठोक्याचं काही मनावर घेऊ नको.

त्याने पाना फिरवला. सहावा बंद झाला.

इंजिन मेलं नाही.

ठक्. बराच वेळ काही नाही. ठक्. पंखा सावकाश फिरत होता, मोजता येतील अशी पाती. ठक्.

नागसेन दोन पावलं मागे सरला. पण त्याच्या वडिलांनी दीक्षाभूमीवर उभं राहून देव-भूत-पिशाच सगळं एका दमात सोडलं होतं. बापाने सोडलेलं आता पोराने या वयात कुठून धरायचं? त्याने डोकं चालवलं. डिझेल बंद केलं तरी इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑइल ओढून जाळतं आणि चालत राहतं. होतं असं, त्याने पाहिलं होतं. आणि तसं असेल तर ऑइल कुठे जातं याचंही उत्तर मिळालं. त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने हसला.

"भेटलं वं माया! स्वतःचंच तेल पिऊन राहिली ही! हवा बंद केली की मरते!"

असं इंजिन चालायला लागलं की सुसाट सुटतं, सावकाश चालत नाही, हेही त्याला माहीत होतं. पण त्या क्षणी त्याने तेवढं डोक्यात येऊ दिलं नाही.

त्याने हवेची जाड नळी सोडवली आणि उघड्या तोंडावर लाकडी फळी धरली. आत ओढली जाणारी हवा फळीला खेचून घट्ट बसवते. फळी बसली नाही. उलट हलकेच पुढे ढकलली गेली आणि त्याच्या पायावर पडली.

तिथे कधी हात धरू नये, हे तो दुसऱ्यांना शिकवत असे. तरी त्याने तळहात त्या तोंडासमोर नेला.

हाताला ओढ लागली नाही. ऊब लागली. ओलसर, मऊ ऊब तळहातावर आली, थांबली, आणि मग हवा हळूच आत गेली. पुन्हा ऊब. आणि त्या उबेला वास होता, ऑइलचा नव्हे, डिझेलचाही नव्हे. सुपारी, तंबाखू आणि चुना. ताजा घोटलेला खर्रा.

नागसेन खर्रा खात नव्हता. रुपराव तर सुपारीसुद्धा खात नव्हते.

"माया," तो म्हणाला, मग ओरडायलाच लागला. "माया, हे... माया, इकडे... माया..."

"अहो, गप बसा आता एकदम!" माया नळावरून ओरडली. "किती ओरडून राहिले!"

इंजिन बंद पडलं.

पंखा अर्धा फेरा मारून थांबला. समोरच्या गॅलरीतली बाई "थँक्यू" म्हणाली आणि आत गेली. माया हातात ओला डबा घेऊन उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"मी तुम्हाले म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मले माहीत आहे."

"त्याले नाही म्हटलं."

"माहीत आहे वं."

५

त्या दिवशी दोघांनी चहा रस्त्यावर उभं राहून घेतला. गॅरेजकडे पाठ करायची की तोंड, हे दोघांनाही नीट ठरवता आलं नाही.

दुसऱ्या सकाळी माया घरी स्वयंपाक उरकत असताना नागसेन एकटाच आला आणि काही न ऐकता, काही न हुंगता त्याने पंप काढला. डिझेलचा पंप म्हणजे जुन्या इंजिनाचं काळीज. तो वेळेवर डिझेल मारतो म्हणून सिलिंडर पेटतात. दोष पंपात असेल तर सगळंच उलटसुलट होऊ शकतं, असं त्याने स्वतःला पटवलं. चाबी खिळ्याला टांगली, बोनेट लावलं, पंप पोत्यात गुंडाळला, स्कूटरवर दोन पायांच्या मधे ठेवला आणि सक्करदऱ्याच्या गोलूकडे गेला.

गोलू हा पंप दुरुस्त करणारा गृहस्थ. नाव पोरासारखं असलं तरी माणूस आजोबा झालेला आणि अंगाने दोन खुर्च्यांचा. त्याने पंप यंत्रावर चढवला, फिरवला, काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल पाहिलं.

"याले कायले आणलं गा?" तो म्हणाला. "कंपनीतून आता निघाल्यासारखा आहे."

"नीट पाय."

"नीटच पाहून राहिलो. इंजिनात काय होते?"

नागसेनने तोंड उघडलं. सात ठोक्यांपासून सुरू करावं की खर्ऱ्याच्या वासापासून, हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "आवाज."

गोलूला एवढ्यावर भागणार नव्हतं. त्याने चहा मागवला, पंप पुन्हा फिरवला, पुन्हा चांगलाच निघाला. नागसेन निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

६

गॅरेजमध्ये ट्रक नव्हता. पुठ्ठा तेवढा जमिनीवर होता, आणि दारात खुर्चीवर माया तूर सोलत बसली होती.

"गाडी कुठं गेली?"

"रुपरावभाऊ घेऊन गेले. संत्री भरायची घाई होती त्यांले. मी म्हटलं थांबा, विचारते. तर त्यांनी चाबी काढली, लावली, एका झटक्यात चालू. म्हणे लय मस्त झाली, नागसेनले सांगजा." तिने दाणे सुपात टाकले. "तुम्ही दुरुस्त करून ठेवली होती, मले सांगितलं काहून नाही?"

नागसेन स्कूटरवरून उतरला नाही. त्याने पाय थोडे फाकवले. मधे पोतं होतं. पोत्याचं तोंड उघडून त्याने मायाला आतलं दाखवलं.

मायाला इंजिन दुरुस्त करता येत नव्हतं, पण सामान तीच आणायची. पंप तिने ओळखला. सोललेली शेंग तिच्या हातातच राहिली.

"हा त्याच गाडीचा?" तिने विचारलं.

"हाव."

"मंग ती कशावर गेली?"

नागसेनने फोन लावला. रुपरावांनी उचलला. ते खुशीत होते. "नागसेन! काय केलं गा तू? पाण्यासारखी चालून राहिली. पाटणसावंगीच्या जवळ पोहोचलो मी."

"भाऊ, गाडी बाजूले घ्या. बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"काहून?"

"बंद करा, मंग सांगतो."

रुपरावांनी जास्त विचारलं नाही. चाकांखाली गिट्टी वाजली, बंद करायची तार ओढल्याचा आवाज आला, आणि इंजिन थांबलं. नागसेनने सुटकेचा श्वास टाकला. मायाही फोनला कान लावून उभी होती.

"झाली बंद," रुपराव म्हणाले. "थांब, खाली उतरून पाहतो काही गळते का."

दार उघडलं, आपटलं. फोन आतच सीटवर राहिला असावा, कारण रुपरावांची चप्पल आता लांबून वाजत होती. रस्त्यावरून एक बस गेली. मग शांत झालं.

त्या शांततेत, फोनच्या अगदी जवळ, आवाज सुरू झाला. घट. घट. घट. कोणीतरी उन्हातून येऊन तांब्या तोंडाला लावावा तसा. संपता संपता एक लांब, समाधानाचा श्वास. आणि मग, अगदी सावकाश, जेवण झाल्यावर माणूस करतो तसा ढेकर.

मायाने फोन नवऱ्याच्या कानापासून ओढून बंद केला.

"आता तरी आयकलं?" नागसेन म्हणाला.

"तो खडखडाट होता म्हणून म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "हा नाही." आणि सूप खाली ठेवून स्कूटरवर मागे बसली. "एकट्यानं नका जाऊ."

७

रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत ट्रक उभा होता. रुपराव चाकाला टेकून संत्रं सोलत होते. त्यांनी दोघांना एकेक फोड दिली.

"गळत तर काहीच नाही," ते म्हणाले. "पण आता चालू बी होत नाही."

नागसेनने काही न सांगता पोतं उघडलं. पंप पाहून रुपरावांनी विचारलं, "नवीन बसवून राहिला का?" नागसेन "हं" म्हणाला. तो शब्द बाहेर पडल्यावर त्याला तो आवडला नाही. त्याने बोनेट उघडलं. पंपाची जागा रिकामी होती, सहा नळ्या हवेत लोंबत होत्या. अशा इंजिनाने हुडकेश्वरपासून इथवर, अख्खं नागपूर ओलांडून, रुपरावांना आणलं होतं. तो त्या रिकाम्या जागेकडे फार वेळ पाहत उभा राहिला नाही. हात चालवले. हातातले पाने पडत होते, माया उचलून देत होती.

मधेच तो पुसायचं फडकं घ्यायला केबिनमध्ये चढला. बाजूच्या सीटवर रुपरावांनी वाटेत घेतलेला ऑइलचा नवा डबा होता. त्याने सहज उचलला. डबा पिसासारखा हलका. त्याने झाकण पाहिलं. सील तसंच होतं, कोणी नखसुद्धा लावलेलं नव्हतं. डबा हलवला. आत काहीच नव्हतं.

सीटच्या रेक्झिनवर, डब्याच्या बाजूला, माणूस बसून उठल्यावर राहतो तसा खळगा होता. तो हळूहळू वर येत होता.

नागसेन फडकं न घेताच उतरला आणि हात पँटला पुसले.

पंप बसला. नळ्या आवळल्या. रुपरावांनी चाबी मारली आणि इंजिन दणक्यात सुरू झालं. नागसेनने पेचकस घेतला, टेकवला, डोळे मिटले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. पहिला. पुन्हा मोजलं. पुन्हा सहा. त्याने पेचकस खाली ठेवला.

रुपराव खिडकीतून वाकले. "खरं सांग नागसेन. हिले झालं काय होतं?"

माया नवऱ्याकडे पाहू लागली. नागसेनच्या घशाशी रिंगा आल्या, टॅपेट आले, हवेची नळी आली. कोणताही एक शब्द फेकला असता तरी रुपरावांनी झेलला असता. पण या माणसाला आज सावनेरपर्यंत जायचं होतं.

"मले माहीत नाही, भाऊ," तो म्हणाला. "मी समोरून पाहिलं, कानानं आयकलं, हात लावून पाहिला. मले नाही माहीत. आता नाही आहे, एवढं सांगतो. पुन्हा आवाज आला तर गाडीत बसू नका. उतरून घरी जा."

रुपरावांचा चेहरा हळूहळू उजळला.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मले वाटलं इंजिन गेलं का काय!"

ट्रक सावनेरच्या दिशेने निघून गेला. नागसेन तो दिसेनासा होईपर्यंत ऐकत उभा राहिला. सहा. शेवटपर्यंत सहाच. त्याच्या मनावरचं इतकं मोठं ओझं उतरलं की त्याने भर रस्त्यात बायकोचा हात धरला. मायाने तो सोडवला नाही, फक्त म्हणाली, "लोक पाहून राहिले."

दोघं स्कूटरपाशी आले. तिचं सीट उन्हाने तापलं होतं. नागसेन बसला, मागे माया बसली. त्याने बटण दाबलं, स्कूटर सुरू झाली. स्कूटरला एकच सिलिंडर. छोटं, गरीब इंजिन, त्याला कधी पेचकस लावायची वेळ आली नव्हती.

नागसेनने गाडी पुढे नेली नाही. एक हात ब्रेकवर ठेवून तो तसाच बसून राहिला. मागून माया थोडी पुढे वाकली, तिची हनुवटी त्याच्या खांद्याला लागली.

"किती?" तिने अगदी हळू विचारलं.

"दोन."

माया सरळ बसली. पदर खोचला. रस्त्याकडे पाहत, फार मोठ्याने नाही पण स्कूटरलाही ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "चला. घरापर्यंत गप यायचं. रस्त्यात तेल घेऊ."